६४ सत्कार आणि रात्रीचे १०: कंपनीच्या कार्यक्रमाचा मिनिटवार तक्ता कसा बांधायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे समजण्यात माझी चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहात. डिसेंबरात कंपनीला २५ वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त शनिवारी संध्याकाळी मोशीजवळच्या लॉन्सवर कुटुंबांसह साडेचारशे माणसं जमणार आहेत. ६४ जणांचा सेवागौरव, एमडींचं भाषण, मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे, कामगारांनी बसवलेले नाच आणि नाटुकलं, मग जेवण आणि ऑर्केस्ट्रा. मागच्या वर्षी हॉलमध्ये झालेला कार्यक्रम सव्वा तास लांबला, जेवण पावणेअकराला सुरू झालं, लहान मुलं खुर्च्यांवरच झोपली. यंदा जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्याकडे आली आहे आणि तुम्ही विचारताय की मिनिट-टू-मिनिटचा चांगला फॉरमॅट कोणता आणि कशाला किती मिनिटं द्यावीत.

फॉरमॅट कुठलाही चालेल. तुम्ही पाठवलेला एक्सेलचा तक्ता वाईट नाही. पण त्यात मंचावर घडणाऱ्या गोष्टीच तेवढ्या आहेत, दोन गोष्टींच्या मधे जे घडतं ते कुठेच नाही. गेली अठरा वर्षं मी पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात असे कार्यक्रम कन्सोलजवळ, म्हणजे ध्वनी आणि दिवे सांभाळायच्या टेबलाजवळ, बसून चालवतोय. उशीर झाला की सगळे भाषणांकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो उशीर माणसं खुर्चीतून उठून मंचावर पोहोचेपर्यंत, माइक हातात येईपर्यंत, ट्रे शोधेपर्यंत थेंबाथेंबानं साचलेला असतो. म्हणून मिनिटं वाटण्याआधी या मधल्या जागा मोजायच्या.

त्याआधी खिळे ठोकून घ्या. खिळे म्हणजे ज्या वेळा तुमच्या हातात नाहीत. तुमचा सगळ्यात पक्का खिळा रात्री १० चा. मागच्या वर्षी बंद हॉल होता म्हणून सव्वा तास खपून गेला. यंदा उघडं मैदान आहे, आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस ठरलेले असतात. तुमचा शनिवार त्यात असेल असं धरून चालू नका. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगीही लागते, तो अर्ज आधीच करा. गाण्यांच्या परवान्यांचं कामही त्याच आठवड्यात उरका, कारण ऐनवेळी लॉन्सवाले कागद मागतात. दुसरा खिळा जेवणाचा. मुलं बरोबर आहेत म्हणजे साडेआठच्या पुढे जेवण नेऊ नका. तिसरा स्टाफ बसचा. बस सव्वादहाला सुटणार असतील तर ती वेळ निवेदिकेच्या कागदावरही हवी. या तीन वेळा तक्त्यात लाल करा आणि तिथून मागे मोजत या. पुढून मोजत गेलात की प्रत्येक जण आपली पाच मिनिटं घालत जातो आणि त्याचा भार शेवटी जेवणावर पडतो.

आता सत्कार. तुमच्या तक्त्यात ६४ सत्कारांना ३० मिनिटं आहेत, म्हणजे माणशी २८ सेकंद. एक सत्कार डोळ्यांसमोर आणून बघा. निवेदिका नाव घेते, पाच सेकंद. सहाव्या रांगेत मधोमध बसलेला माणूस आधी बायकोकडे बघतो, मग उठतो, गुडघे आणि पिशव्या ओलांडत रांगेतून बाहेर येतो, पंधरा सेकंद. लॉनवर अंथरलेल्या कार्पेटवरून पायऱ्यांपर्यंत वीस. पायऱ्या चढून मंचाच्या मध्यावर यायला दहा. स्मृतिचिन्ह, हस्तांदोलन, फोटोग्राफरचं “साहेब, इकडे बघा” आणि दोन क्लिक, पंधरा. उतरायला दहा. झाले ७५ सेकंद, तेही काहीही न बिघडता. ६४ जणांचे ८० मिनिटं. तुमचा कार्यक्रम तिथेच पन्नास मिनिटं मागे पडला, आणि यात लांबलेलं भाषण एकही नाही.

यावर उपाय म्हणून लोक सत्कार उरकायला लागतात. “चला, पटापट या” असं माइकवरून म्हणतात. कृपा करून तसं होऊ देऊ नका. ज्या माणसानं पंचवीस वर्षं त्या शेडमध्ये काढली, त्याच्या घरचे पहिल्यांदाच त्याला मंचावर बघणार असतात. त्या संध्याकाळी त्याच्या वाट्याला येते ती तेवढीच वेळ. माझ्या मते सगळा तक्ता त्या वेळेसाठी असतो. घाई जिथे कोणाला दुखत नाही तिथे करायची, म्हणजे चालण्यात, शोधण्यात, थांबण्यात.

मी असं करतो. मंचाच्या डाव्या अंगाला सात-आठ खुर्च्या मांडतो आणि पुढच्या तुकडीला आधीच तिथे आणून बसवतो. आणणारा माणूस त्यांच्याच खात्यातला सुपरवायझर असावा, कारण तो चेहऱ्यानं ओळखतो. इव्हेंटवाल्या मुलांना यादी घेऊन शोधत फिरावं लागतं. चढायचं डावीकडून, उतरायचं उजवीकडून. मंचावर उभं राहायच्या जागी टेपची फुली. फोटोग्राफर एकाच जागी. स्मृतिचिन्हांच्या तळाला क्रमांकाचा स्टिकर, आणि टेबलावर ती त्याच क्रमानं. शाली प्लास्टिकमधून आधीच काढून, घडी अर्धी उलगडून ट्रेमध्ये. पाहुणे चरचर वाजणारं प्लास्टिक सोडवतायत आणि सत्कारमूर्ती हात जोडून उभे आहेत हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एवढं केलं की एक जण उतरत असताना पुढचं नाव घेता येतं, आणि माणशी ३० सेकंद पुरतात, तेही शांतपणे.

शिवाय सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. तुमच्या यादीत १० वर्षंवाले ३५, १५ वर्षंवाले २० आणि पहिल्या दिवसापासूनचे ९ आहेत. ३५ जणांना सातच्या पाच तुकड्यांत बोलवा: प्रत्येकाचं नाव घ्यायचं, स्मृतिचिन्ह हातात द्यायचं, शेवटी एकत्र फोटो. तुकडीला दोन मिनिटं धरली तर दहा मिनिटं. वीस जणांचे प्रत्येकी ३० सेकंद, दहा मिनिटं. आणि त्या नऊ जणांना दीड-दीड मिनिट द्या, पती किंवा पत्नीला बरोबर बोलवा, रुजू झाले तेव्हाचा ओळखपत्रावरचा फोटो मागच्या एलईडी पडद्यावर लावा. साडेतेरा मिनिटं झाली. सगळे मिळून चौतीसच्या आत. तीनही गट सलग लावू नका, मधे एकेक नाच किंवा गाणं ठेवा. पुढची तुकडी खुर्च्यांवर आणून बसवायला तेवढाच वेळ मिळतो.

नावांबद्दल एक सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. निवेदिका बाहेरून आलेली होती, तिच्या हातात पगारपत्रकातली इंग्रजी यादी होती. ‘वाबळे’ आडनाव तिनं ‘वेबल’ असं वाचलं. ते गृहस्थ आपलंच नाव आहे हे न कळून बसून राहिले. दुसऱ्यांदा पुकारल्यावर शेजाऱ्यानं उठवलं. मंचावर आले तेव्हा मान खाली होती. त्या दिवसापासून नावांची यादी मी देवनागरीतच घेतो, आणि अवघड नावं खात्यातल्या माणसाकडून फोनवर बोलून रेकॉर्ड करून निवेदिकेला ऐकवतो. ६४ नावांना अर्धा तास लागतो.

पुढे भाषणं. एमडींना कुणी थांबवू शकत नाही, हे गृहीत धरा. सचिव सात मिनिटं म्हणाले तर मी तक्त्यात बारा लिहितो. मंचासमोर जमिनीवर उलट मोजणारं घड्याळ दाखवणारा मॉनिटर ठेवा, आणि तो आहे हे त्यांना आदल्या दिवशी सांगा. न सांगता लावलेलं घड्याळ अपमानासारखं वाटतं. सांगितलेलं असलं की बहुतेक जण स्वतःच त्याकडे बघत आवरतं घेतात. भाषण आणि जेवण शेजारी शेजारी ठेवू नका. भाषणानंतर लगेच सत्कार ठेवले की तुकडी खुर्च्यांवर बसलेली त्यांना दिसते, आणि त्याचाही परिणाम होतो.

पाहुणे मुंबईहून येणार, शनिवार संध्याकाळ. एक्स्प्रेसवेवरचा घाट आणि पुढे नाशिक रस्त्याची वाहतूक, दोन्हींची खात्री देता येत नाही. एकदा आम्ही सहाशे माणसांना पन्नास मिनिटं एका रिकाम्या खुर्चीसमोर बसवून ठेवलं. तेव्हापासून मी दोन तक्ते छापतो. ‘अ’ मध्ये पाहुणे वेळेवर. ‘ब’ मध्ये दीपप्रज्वलन एमडी आणि सर्वांत ज्येष्ठ कामगार यांच्या हस्ते, दहा वर्षंवाल्यांचे सत्कार एमडींच्या हस्ते, आणि पाहुणे आले की चालू असलेला नाच संपल्यावर स्वागत. ‘ब’ कधी लागू होणार ती वेळ आधी ठरवा, उदाहरणार्थ ६:४०, आणि ती एमडींकडून मान्य करून घ्या. ऐनवेळी हा निर्णय कुणालाच घेववत नाही.

सगळं जुळवून तुमची संध्याकाळ मला अशी दिसते. साडेपाचला फाटक उघडणार, चहा-नाश्ता, कुटुंबाचा फोटो काढायचा कोपरा. साडेसहाला स्थानापन्न व्हायची विनंती, आणि तक्त्यात त्यालाच पंधरा मिनिटं. ही तुमची राखीव वेळ आहे. ‘राखीव’ असं नाव दिलंत तर ती कुणीतरी भाषणासाठी मागून घेईल. ६:४५ ला स्वागत आणि दीपप्रज्वलन, आठ मिनिटं. प्रास्ताविक आणि कंपनीवरची चित्रफीत मिळून दहा. एक नाच सहा मिनिटं. ७:०९ ला एमडी, ७:२१ ला पाहुणे, दोघांना बारा-बारा. ७:३३ ला दहा वर्षंवाले. ७:४३ ला नाटुकलं, आठ मिनिटं. ७:५१ ला पंधरा वर्षंवाले. ८:०१ ला गाणं. ८:०६ ला आभार, दोन मिनिटं. ८:०८ ला ते नऊ जण. ८:२२ ला राष्ट्रगीत. साडेआठला जेवण, सोबत ऑर्केस्ट्रा, ९:५० ला शेवटचा सूर.

आभार शेवटी ठेवलेले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. “आता आभारप्रदर्शनासाठी” हे शब्द ऐकले की अर्धा मांडव उठतो, आणि मग राष्ट्रगीताला लोक ताटांच्या रांगेत उभे असतात. आभार आधी आटपले की नऊ कुटुंबांचा सत्कार, टाळ्या आणि थेट राष्ट्रगीत, सगळे जागेवर. राष्ट्रगीताची वेळ साधारण ५२ सेकंद ठरलेली आहे. अख्ख्या तक्त्यात नेमकी माहीत असलेली तेवढी एकच बाब. पण केटररला ८:२० ला ‘थांबा’ असा निरोप जायला हवा, कारण त्याच क्षणी मागे झाकणं उघडली जात असतात आणि भांडी वाजतात.

दीपप्रज्वलनाला आठ मिनिटं जास्त वाटतील. डिसेंबरात उघड्या लॉनवर वारा असतो, आणि काडी विझली की पाच मान्यवर समईभोवती ओणवे होतात. वाती आदल्या तासाला तेलात भिजवून ठेवा, प्रत्येक वातीच्या टोकाला कापराचा चुरा लावा, काडीऐवजी मेणबत्ती द्या, समईला वाऱ्याच्या बाजूनं फुलांच्या सजावटीचा आडोसा करा, आणि जवळचा पंखा बंद करायला एका माणसाला नेमा. मग चार मिनिटांत होतं, उरलेली चार तुमची.

जेवणाचाही हिशेब करून घ्या. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी दोन काउंटर असतील तर चार रांगा होतात. एका रांगेतून मिनिटाला तीन-चार माणसं पुढे सरकतात. साडेचारशे माणसांना अठ्ठावीस ते अडतीस मिनिटं लागणार. तिसरं काउंटर मिळालं तर घ्याच. मुलांसाठी पावणेआठलाच मागच्या बाजूला एक छोटं काउंटर उघडा. ते केलंत तर आयाही शेवटपर्यंत बसतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. शुक्रवारी त्याच लॉनवर लग्न असेल तर जागा शनिवारी सकाळीच हातात येईल. मग मंच दोनपर्यंत, साऊंड चेक तीनला, तालीम चारला. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तोपर्यंत दिव्यांचं फोकसिंग नीट करता येत नाही, म्हणजे ते काम पाहुणे चहा घेत असताना होईल. शुक्रवारची रात्र मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊनही घ्या. दुसरं, हा डीलर्सचा मेळावा असता, गोव्यात असता, तर मी निम्मा तक्ता वेगळा केला असता. तिथे संध्याकाळ उशिरा सुरू होते आणि घरी जायची घाई कुणाला नसते.

वेळ हातातून जायला लागली तर काय कापायचं, ती यादी आजच करा आणि एमडींची सही घ्या. माझा क्रम असा: आधी चित्रफीत, ती जेवताना मागे चालवता येते. मग मधलं गाणं, ते ऑर्केस्ट्रात ढकलता येतं. मग प्रास्ताविक दोन मिनिटांवर. एवढ्यानं तेरा मिनिटं सुटतात. कामगारांचा नाच आणि नाटुकलं यांना हात लावू नका. पाळी संपल्यावर थांबून, दोन-दोन महिने कँटीनमध्ये तालीम करून त्यांनी ते बसवलेलं असतं. ते कापलं तर पुढच्या वर्षी कुणी नाव देत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

तक्त्याच्या रकान्यांबद्दल थोडंच. घड्याळाची वेळ, लागणारी मिनिटं, मंचावर कोण, कुठल्या क्रमांकाचा माइक, पडद्यावर काय, दिवे आणि ध्वनी, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: याच वेळी मंचामागे कोण तयार उभं आहे. मिनिटं बदलली की पुढच्या वेळा आपोआप सरकतील असं सूत्र घाला. हा पूर्ण तक्ता फक्त तांत्रिक टीमला. एमडी आणि पाहुण्यांना एका पानाचा क्रम. केटरर आणि बसवाल्यांना चारच वेळा, मोठ्या अक्षरात. शेवटची प्रत पिवळ्या कागदावर छापा आणि आधीच्या सगळ्या परत घ्या. जुना कागद खिशात असलेला एक जण सगळी घडी विस्कटू शकतो.

आणि त्या संध्याकाळी तक्ता तुम्ही स्वतः चालवू नका. तुम्हाला एमडी हाक मारणार, पाहुण्यांची गाडी आली म्हणून फोन येणार, कुणाची आई खुर्ची मागणार. कन्सोलजवळ वॉकीटॉकी घेऊन बसणारा माणूस वेगळा हवा. ‘स्टँडबाय’ आणि ‘गो’ हे शब्द त्याच्याच तोंडून निघावेत, आणि तुमच्यासकट कुणीही त्याला मंचावरून खाणाखुणा करू नयेत. तुम्ही एमडींच्या मागच्या खुर्चीवर बसा.

तालीम होईल तेव्हा त्या नऊ जणांपैकी एकाला घरच्यांबरोबर बोलवा, शक्यतो ज्यांचे गुडघे दुखतात अशांना. खुर्चीतून उठण्यापासून खाली उतरेपर्यंत त्यांना त्यांच्या गतीनं चालू द्या आणि मोबाइलवर सेकंद मोजा. पायरी उंच असेल तर तिथेच कळेल, सुतार तेव्हा जागेवर असतो. जो आकडा येईल तो माझ्या दीड मिनिटाच्या जागी लिहा आणि बाकीचा तक्ता त्याप्रमाणे सरकवा.